पाचवीचा मुक्काम

अश्विननं गाडी डावीकडं वळवली. सृष्टीचं घर उजवीकडं होतं. इंग्लंडात मी पहिल्यांदाच येत होतो, पण त्या चौकापासून लेकीच्या दारापर्यंतचा रस्ता मला तोंडपाठ होता. नव्या मार्गावर गाडी न्यायच्या आधी गार्डला तो रस्ता शिकून घ्यावा लागतो. सिग्नल कुठं, चढ कुठं, फाटक कुठं. मनमाडला मालगाड्यांचा गार्ड म्हणून जन्म काढलेल्या माणसाची ही खोड रिटायर झाल्यावरही जात नाही. इंदिरानगरच्या घरात बसून मोबाइलच्या नकाशावर मी तो रस्ता बोटानं कितीदा तरी चाललो होतो. पेट्रोल पंप, मग चर्च, मग उजवीकडं, आणि विटांच्या सारख्या घरांतलं शेवटून दुसरं. जावई रात्रभर जागला असेल, चुकला असेल, असं वाटून मी म्हणालो, "अश्विनराव, उजवीकडं ना?" तो समोर बघतच म्हणाला, "बाबा, आजच्या रात्रीपुरती तुमची सोय हॉटेलात केलीय." मग त्यानं कारणं सांगितली. लहान खोलीला रंग दिलाय, त्याचा वास जात नाही. उद्या सकाळी बाळ तपासायला नर्स येणार आहे. सृष्टीची झोप होत नाही. शिवाय तुम्हालाही एवढ्या प्रवासानंतर निवांत पडायला मिळेल. एका गोष्टीला माणूस चार कारणं द्यायला लागला की त्यातलं एकही खरं नसतं, हे मला बायकोनं संसारात चांगलं शिकवलं होतं. मी "बरं" म्हणालो. स्टेशन समोर दिसत असतं, फलाटावरचे दिवेसुद्धा दिसतात, आणि गाडी आउटर सिग्नलला उभी करून ठेवतात. का ठेवली ते कुणी सांगत नाही आणि गार्डनं विचारायचं नसतं.

हॉटेल हमरस्त्याच्या कडेला होतं. अशी त्या कंपनीची हॉटेलं गावोगाव आहेत म्हणे, सगळी एकसारखी, एक बघितलं की सगळी बघितली. कधीकाळी त्याची शान असणार. आता दारातल्या पाटीची दोन अक्षरं विझलेली, लिफ्टवर बंद असल्याचा कागद चिकटवलेला, आणि जिन्यापासून खोलीपर्यंत एक लालभडक फुलाफुलांचा गालिचा, पावलागणिक ओलसर लागणारा. अश्विननं माझी बॅग वर आणून ठेवली. डिंकाच्या लाडवांचा डबा तेवढा त्यानं गाडीतच ठेवून घेतला, सृष्टीला देतो म्हणाला. दारात जरा घुटमळला. पोरगा वाईट नाही, सटाण्याकडचाच आहे, माझ्या सासुरवाडीपासून दोन गावं पलीकडचा. "सकाळी येतो बाबा," म्हणाला आणि जिना उतरून गेला. मी खिडकी उघडायला गेलो तर ती चार बोटं उघडून अडली. त्याच्यापुढं तिला उघडूच द्यायचं नाही, असा लोखंडी तुकडा बसवलेला होता. बेसिनला दोन नळ, एकातून चटका बसेल असं पाणी, दुसऱ्यातून बर्फ. भिंतीवर पँट दाबून ठेवायचं एक लाकडी यंत्र, चालू न होणारं. किटलीच्या तळाला पांढरी खपली धरलेली. पलंगावर बसलो तर पलंग मध्ये खचला आणि मी दोन्ही बाजूंच्या उंचवट्यामध्ये जाऊन पडलो. माझी हयात रनिंग रूममध्ये गेलीय. गार्ड-ड्रायव्हरांनी परगावी रात्र काढायच्या रेल्वेच्या खोल्या त्या. भुसावळ, इगतपुरी, सगळीकडं तीच लोखंडी खाट आणि तीच उशी. तेव्हा वाईट खोलीचं मला अप्रूप नाही. पण रनिंग रूममध्ये माणूस झोपतो ते दुसऱ्या दिवशी आपली गाडी आपल्या घराकडं सुटणार म्हणून. इथं माझं घर कुठल्या दिशेला आहे तेच कळेना.

आणि आज पाचवी होती. मी तिकीट काढलं तेव्हा बाळ यायला अजून वेळ होता. मी आधी पोचायचं, सृष्टीला बसून खाऊ घालायचं, मग दवाखाना, असं ठरलं होतं. पण बाळच आधी आलं. मी तिकीट बदलून घेतलं आणि धडपडत निघालो तो नेमका पाचव्या दिवशी उतरलो. पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. पाटा-वरवंटा मांडायचा, हळदकुंकू वाहायचं, सटवाईचा टाक ठेवायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, आणि दिवा विझू द्यायचा नाही. अंधारात तिनं काही वेडंवाकडं लिहू नये म्हणून. माझा यावर विश्वास आहे का? धड आहे असंही नाही, नाही असंही नाही. हे खातं लंकाचं होतं. लंका म्हणजे माझी बायको. आमच्या कॉलनीत कुणाच्याही घरी बाळंतीण असली की पाचवीला हिचं बोलावणं ठरलेलं. मी काही विचारलं की म्हणायची, "तुमले काय समजस?" रागावली की माहेरची अहिराणी निघायची तोंडातून. सृष्टीच्या पाचवीला मी भुसावळला होतो. नोकरीच तशी होती, त्यात नवल काही नव्हतं. घरी आलो तेव्हा पाटा पुन्हा ओट्याखाली गेलेला, आणि पोरीच्या टाळूवर तेल.

लंका गेल्या वर्षी गेली. कावीळ झाली म्हणून दवाखान्यात नेली आणि आठवडाभरात गाडी रिकामी परत आली. सृष्टी पोचली तोवर तिसरा दिवस उजाडला होता. सावडायला ती होती, पण आईचं तोंड तिला दिसलं नाही. आठ-दहा दिवस राहिली, स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, सगळं बाहेरून मागवलं, आणि परत गेली. मग मी एकटा. लोक म्हणतात, वेळ जात नसेल ना गार्डसाहेब? वेळ जातो, तो कुणाच्या बापासाठी थांबतो? जात नाही ती जागा. ती बसायची ती खुर्ची, ती उभी राहायची तो ओट्याचा कोपरा, या जागा जात नाहीत. सकाळी उठून मी जॉगिंग ट्रॅकवर बाकावर बसतो, फेऱ्या मारणाऱ्यांना बघतो आणि उन्हं चढली की नाइलाजानं घरी येतो. कुलूप उघडताना अजूनही जरा वाजवून उघडतो, आत तिला कळावं म्हणून. सृष्टीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मला लंका गेल्यापासून पहिल्यांदा भूक लागली. पहिलं बाळंतपण माहेरचं. लेक येऊ शकत नसेल तर माहेरानं तिच्याकडं जायचं. आणि माहेरात आता दुसरं होतं कोण?

शेजारच्या कलाबाईंकडं मी शिकवणी लावली. कलाबाई आणि लंका म्हणजे एका ताटात जेवणाऱ्या. लंकाच्या हाताचं सगळं कलाबाईंना येतं. डिंक तुपात कसा फुलवायचा, खारीक किती दरदरीत ठेवायची, गूळ कुठं थांबवायचा, हे मी चार वेळा बिघडवून शिकलो. बाळाला पायांवर घेऊन अंघोळ कशी घालायची ते गादीच्या लोडावर शिकलो. कलाबाईंच्या सुना दारामागं तोंडाला पदर लावून हसायच्या. कॉलनीत सगळीकडं झालं, गार्डसाहेब सुईण झाले. होऊ दे म्हटलं. लाडवांचा शेवटचा घाणा कलाबाईंनी चाखून बघितला आणि डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "भाऊजी, हा तर लंकाचाच लाडू." माझी छाती हातभर फुगली होती त्या दिवशी. आता त्या खचलेल्या पलंगावर बसून मला वाटत होतं की ही सगळी वरात मी कशाला काढली? न बोलावता?

बोलावलं नव्हतंच. हे मी स्वतःला आजवर म्हणू दिलं नव्हतं. मी येतो म्हणालो तेव्हा फोनवर सृष्टी "बघा बाबा, तुम्हाला झेपेल का" म्हणाली होती. ते मी काळजी म्हणून धरलं. तिकीट काढल्याचं सांगितलं तेव्हा अश्विनच बोलला, ती झोपलीय म्हणाला. तेव्हा तिथं भरदुपार होती. बाळ झाल्याचा फोटो आला, त्यात बाळ गुंडाळलेलं, नुसतं नाक दिसत होतं. मी फोन केला की कधी बाळ रडत असायचं, कधी फोन लागायचा नाही. एवढे सिग्नल एवढ्या ओळीनं लाल दिसत होते, आणि मी मात्र हिरवा झेंडा हलवत सुटलो होतो.

साडेआठ वाजले तरी ऊन होतं. नऊ वाजले, ऊन होतं. इकडं जूनमध्ये असंच असतं, रात्र म्हणून लवकर होतच नाही. दिवा तिन्हीसांजेला लावायचा, आणि तिन्हीसांज काही होईना. वाट बघून बघून माझाच धीर सुटला. मग म्हटलं, घरात नाही तर नाही, आजोबा आहे ना मी, इथूनच करू. सटवाईला काय, सातासमुद्रापलीकडून येणार ती, तिला एक मैल इकडं-तिकडं काय? पार्किंगच्या कडेला झाडांच्या बुंध्याशी दगड होते, त्यातले दोन उचलून आणले. कलाबाईंनी सांगितलं होतं, पाटा-वरवंटा नसला तर दगडही चालतो, भाव पाहिजे. खाली एक ट्रकवाला सिगारेट ओढत होता, त्याच्याकडं खुणेनं लायटर मागितला. त्यानं दिला आणि पाठीवर थापही मारली. त्याला वाटलं असेल, म्हातारा चोरून विडी ओढणार. चहाचं टेबल पुसलं, दगड मांडले, सराफ बाजारातून आणलेला चांदीचा टाक ठेवला. हॉटेलचंच पॅड आणि पेन ठेवलं. बॅगेतनं निरांजन काढून तूप घातलं, फुलवात लावली. हे बाईचं काम, आणि मला मधलं काय राहिलं ते कळत नव्हतं. काहीतरी राहिलं होतं खास. कुंकू आधी की हळद आधी? लंका नेहमी पाठमोरी असायची, मी कधी समोरून बघितलंच नव्हतं. तरी दिवा लागला. त्या मळकट खोलीत, त्या जुनाट यंत्राखाली, ती एवढीशी ज्योत सरळ उभी राहिली, आणि मला एकदम बरं वाटलं. मी म्हणालो, बाई गं, चांगलं लिही. एवढंच म्हणालो. मग कमी पडायला नको म्हणून धुपाची कांडी लावली.

निरांजनानं काही झालं नसतं. घात केला तो धुपानं. छताला लावलेलं एक पांढरं वाटोळं धूर लागताच किंचाळायला लागलं, मग बाहेर जिन्यात दुसरं, मग सगळी इमारत. असा आवाज मी अपघातातसुद्धा ऐकला नव्हता. मी टॉवेल हलवला, खिडकीशी धावलो, ती चार बोटं. दारावर धडाधड थापा. खालच्या काउंटरवरची मुलगी आणि एक दांडगा माणूस आत आले. त्या माणसानं टेबल बघितलं, बेसिनमधून टॉवेल भिजवून आणला आणि निरांजनावर टाकला. चर्र झालं. "नो, नो," एवढंच मला बोलता आलं. साऱ्या आयुष्यात शिकलेलं इंग्रजी त्या घटकेला कुठं गेलं कोण जाणे. त्यांनी मला खाली नेलं. हिरवळीवर सगळे पाहुणे उभे होते, कुणी झोपायच्या कपड्यांत, कुणी अनवाणी, दोन लहान पोरं रडत होती. मी बंडी-लेंग्यावर, बोटांना कुंकू. ती मुलगी फोनवर बोलत होती. खोली अश्विनच्या नावानं घेतलेली, तेव्हा फोन त्यालाच जाणार. मी तिथं उभा राहून एकच गोष्ट घोकत होतो, दिवा विझला, पाचवीचा दिवा विझला, आणि तो माझ्या हातानं विझला नसला तरी माझ्यापायी विझला. मला भीती वाटत होती. त्या बाळाला काही झालं तर, असं मनात आलं, आणि ते आलं म्हणून स्वतःचीच शिसारी आली.

सगळे आत गेले तरी मी बाहेरच राहिलो. उजेड अजून होता, राखेसारखा. अश्विनची गाडी आली. तो उतरून सरळ काउंटरकडं गेला, माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं केलं. मागच्या सीटवर सृष्टी होती. ओली बाळंतीण, अंगावर नवऱ्याचा कोट, कानाला काही बांधलेलं नाही. तिच्या शेजारी बाळाची ती पाळण्यासारखी खुर्ची, वरून दुपट्यानं झाकलेली. तिनं काच खाली केली. मी म्हणालो, अगं, वाऱ्यात कशाला आलीस. माझ्या तोंडून आधी हेच निघालं. ती माझ्या बोटांकडं बघत होती. पाचवी होती म्हणून, मी म्हणालो. ती म्हणाली, माहितेय, अश्विनला हॉटेलवाल्यांनी फोनवर सांगितलं, दगड, दिवा, सगळं. चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली काळं. लहानपणी ताप आला की अशीच दिसायची.

"खोलीला रंग वगैरे काही नाही दिला बाबा," ती म्हणाली. "मीच सांगितलं अश्विनला. घरी आणू नको म्हणून."

मी मान हलवली. म्हणालो, अगं, असतं, बाळंतपणात माणसाला नको होतं. पण ती थांबली नाही.

"दुपारी मी तुमचा लाडू खाल्ला. अर्धाच. तो आईचाच होता. मला वाटलं, आई आलीय." तिनं दुपट्याचं टोक मुठीत धरलं. "इथं आई मेलेलीच नाहीये बाबा. तुम्ही फोनवर बोलता, तेव्हा ती आत ओट्याशी आहे असं मी धरून चालते. म्हणून फोनही फार वेळ करत नाही, नाहीतर तुम्ही तिचं काही बोलाल. तुम्ही एकटे माझ्या दारात येऊन उभे राहिलात, की मागं कुणी नाही हे मला बघावं लागेल. आत्ता नाही जमणार मला. या बाळाला दूध पाजायचंय मला. तुम्ही परत जाल का?"

मला तिचा राग आला नाही. यावा असं मी क्षणभर वाटून बघितलं, पण आला नाही. मी इंदिरानगरात कुलूप वाजवून उघडतो, आणि ती इथं बसून फोन लवकर ठेवते. ज्या एका माणसाशी मी लंकाबद्दल बोलू शकलो असतो, तिला माझं तोंडही सोसत नव्हतं. आणि तिला ज्याची गरज होती ते मी सात जन्म शिकवण्या लावल्या तरी होणार नव्हतो. उलट जितकं चांगलं शिकेन तितकं तिला जास्त लागणार होतं. लाडू बिघडला असता तर कदाचित उद्या मी तिच्या घरी गेलो असतो. एवढं सगळं डोक्यात एकदम आलं, आणि तोंडानं मी म्हणालो, "जातो की. अश्विनरावांना उद्याचं तिकीट मिळतं का बघायला सांग."

ती रडायला लागली. आवाज न करता, बाळ उठू नये म्हणून. मग नाक पुसून तिनं दुपट्याला हात घातला आणि म्हणाली, "बाळाला बघा तरी बाबा. घ्या ना, एकदा घ्या." पण तिचा हात दुपट्यावरून उचलत नव्हता. मला तो हात दिसत होता. मी बाळाला घेतलं असतं तर मी आजोबा झालो असतो, आणि मी आजोबा झालो की आजी कुठंय हा प्रश्न त्या गाडीत येऊन बसला असता. दोन्ही हात मी पाठीमागं धरले.

"आज नको," मी म्हणालो. "पाचवीला बाहेरच्या माणसानं बाळाचं तोंड बघायचं नसतं."

"असं असतं?" तिनं विचारलं.

"असतं."

असं काही असतं की नाही ते मला ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग हळूच मान हलवली, दुपटं नीट केलं आणि काच वर घेतली.